वेशीतून चौकात : क्राकुफचे दिवस

पोलंडमधल्या क्राकुफ शहराला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. टॅक्सी करून थेट जुन्या शहराच्या मुख्य चौकात उतरू नका. आधी बार्बिकन हा वेशीपुढचा गोल किल्ला, मग फ्लोरियान वेस, मग वेशीतून निघालेला सरळ रस्ता आणि शेवटी चौक, या क्रमानं पायी जा. पोलंडचे राजे याच वाटेनं शहरात यायचे आणि पुढं वावेलच्या टेकडीवरच्या राजवाड्याकडं जायचे. रेल्वे स्टेशनपासून वेस दहा मिनिटांच्या आत आहे, त्यामुळं सामान बेताचं असेल तर हे पहिल्याच संध्याकाळी जमतं.

मी गेले ते आत्याबरोबर. आत्यानं कोल्हापुरात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर तिनं एकदाच "मला युरोपातलं एक शहर नीट बघायचंय, दहा नकोत" असं सांगितलं, आणि शहरही तिनंच निवडलं. त्यामागं एक कारण होतं, ते पुढं येईलच.

शुक्रवार

वॉर्सा ते क्राकुफ हा प्रवास साधारण अडीच तासांचा. आमची गाडी वाटेत एका ठिकाणी तासभर उभी राहिली, त्यामुळं पोचेपर्यंत अंधार पडला होता. सप्टेंबरचा शेवट. हवेत गारवा आणि नुकत्याच पडून गेलेल्या पावसाचा ओलावा. स्टेशन एका मोठ्या मॉलला जोडलेलं आहे, तिथून बाहेर पडून भुयारी मार्गानं रस्ता ओलांडला की एकदम झाडी लागते. ही प्लांती. जुन्या शहराला चारही बाजूंनी वेढणारी बाग. पायाखाली चेस्टनटची चकचकीत तपकिरी फळं पडली होती. आत्यानं दोन उचलून पिशवीत टाकली.

झाडीतून बाहेर आलो आणि समोर बार्बिकन. गोल, लाल विटांचा, डोक्यावर सात टोकदार बुरुज. प्रकाशझोतात त्याच्या भिंतीतली जंग्यांची भोकं काळी दिसत होती. त्याच्यामागं फ्लोरियान वेस, खाली ओबडधोबड दगड आणि वर विटा, चौकोनी, उंच. कमानीच्या आत एका बाजूला मेरीमातेची तसबीर आहे, तिच्यापुढं दिवा आणि फुलं. एक बाई बाजाराची पिशवी हातात घेऊन आली, तसबिरीपुढं क्षणभर थांबली, छातीवर क्रूस केला आणि निघून गेली. पलीकडं अकॉर्डियन वाजवणारा एक म्हातारा बसला होता. रात्रीचे नऊ वाजले होते आणि वेस गजबजलेली होती. वेस म्हणजे बघायची वस्तू नाही, ती अजून जायची-यायची वाट आहे, हे तिथंच लक्षात आलं.

कमानीतून आत शिरल्यावर सरळ रस्त्याच्या टोकाला मारियात्स्की चर्चचा मनोरा दिसतो. तिथपर्यंतचं अंतर साडेतीनशे मीटरपेक्षा कमीच आहे. आमची खोली वाटेतल्याच एका गल्लीत, जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण साठीच्या बाई, इंग्रजी जेमतेम. आमची भिजलेली जाकिटं त्यांनी काढून घेतली, लिंबाची चकती टाकलेला काळा चहा आणि सफरचंदाचा केक पुढं केला. "उद्या बाराला इथं," असं म्हणून त्यांनी खिडकीतून मनोऱ्याकडं बोट दाखवलं आणि तुतारी वाजवल्यासारखी मूठ तोंडापाशी धरली.

जुन्या शहरात खोली घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. लिफ्ट आहे का (बहुतेक घरांना नसते), आणि खोली अंगणाच्या बाजूला आहे का. रस्त्याकडच्या खोल्यांत शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्रीनंतरही गलका असतो.

शनिवार

सकाळी पाऊस. बारीक, पण न थांबणारा. छत्र्या घेऊन पुन्हा वेशीकडं गेलो, कारण आत्याला तट आधी बघायचा होता.

कोपऱ्यावर निळ्या काचेच्या हातगाडीत ओब्वाझानेक विकत होते. पिळाच्या दोरीसारखं गोल कडं, आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेलं. वर तीळ, खसखस किंवा जाडं मीठ. सकाळी घ्यायचं, गरम असताना. दुपारनंतर ते वातड होतं. आम्ही खसखशीचं घेतलं, अर्धं-अर्धं मोडलं आणि वेशीच्या कमानीत उभं राहून खाल्लं. बाहेरची साल कडक, आतला गाभा किंचित गोडसर. तिथल्या आमच्या सगळ्या सकाळी याच्यावरच सुरू झाल्या.

बार्बिकन आणि तटाचा उरलेला भाग एकाच तिकिटावर पाहता येतात. हे फक्त उन्हाळी हंगामात उघडं असतं, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी बाहेरूनच बघायची तयारी ठेवावी. बार्बिकन 1498-99 मध्ये बांधला. तुर्कांच्या हल्ल्याची धास्ती होती, म्हणून वेशीच्या पुढं हा गोल किल्ला उभा केला आणि भिंतींमधून जाणाऱ्या अरुंद वाटेनं वेशीशी जोडला. भिंती तीन मीटरहून जाड, जंग्या एकशेतीस. आत गेल्यावर मधोमध उघडं अंगण आणि चारही बाजूंनी वर चढत जाणारे सज्जे. शत्रू पहिल्या दारातून आत आलाच, तर या अंगणात सगळीकडून मारा व्हावा अशी रचना. आत्या अंगणाच्या मध्यावर पावसात उभी राहिली आणि गोल फिरून एकेक जंगी बघत राहिली. "रायगडाचा महादरवाजा आठवतो? दोन बुरुजांच्या मध्ये वळवून आणतात तुला, सरळ येऊ देत नाहीत. इथंही आडवंच आणलंय." खरंच, बार्बिकनचं बाहेरचं तोंड आणि वेस एका रेषेत नाहीत.

बार्बिकनच्या भिंतीवर एक फलक आहे. 1768 साली रशियन सैन्यानं शहर वेढलं तेव्हा मार्चिन ओरात्सेविच नावाच्या कारागिरानं, गोळ्या संपल्यावर, अंगरख्याचं बटण बंदुकीत घालून झाडलं आणि रशियन सेनानीला टिपलं, अशी आख्यायिका आहे. हा ओरात्सेविच गोटे-किनारीचं काम करणारा. आणि इथंच या तटाची खरी गंमत आहे. तटाला एकेकाळी चाळीसहून जास्त बुरुज होते आणि प्रत्येकाची राखण एकेका व्यवसायाच्या पेठेकडं असे. आज वेशीच्या आजूबाजूला जे तीन बुरुज उरलेत ते किनारीवाल्यांचा, सुतारांचा आणि घरबांधणी करणाऱ्या वाडे-सुतारांचा. खुद्द फ्लोरियान वेस सांभाळायचे फर विकणारे कातडीवाले. वेढा पडला की दुकान बंद करून आपापल्या बुरुजावर चढायचं. पगारी सैनिकांवर सगळा भार टाकलेला नव्हता. राजाच्या नव्हे तर शहराच्या जिवावर उभा असलेला तट होता हा.

तटावरच्या लाकडी सज्जातून चालत गेलं की माणूस वेशीच्या वरच्या मजल्यावर पोचतो. तिथं एक छोटं प्रार्थनास्थळ आहे. खाली शहराच्या बाजूला संत फ्लोरियानचं कोरीव शिल्प, आगीवर पाणी ओतणारा, आणि बाहेरच्या बाजूला दगडी गरुड. गरुड बराच नंतरचा, 1882 चा, चित्रकार यान मातेइकोच्या रेखाटनावरून कोरलेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा तुकडा वाचला कसा? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तट पडीक झाला होता, खंदकात घाण साचायची, आणि युरोपभर शहरांनी तट पाडायचं काम काढलं होतं. क्राकुफनंही पाडला. खंदक बुजवून तिथं प्लांती केली. बार्बिकन आणि वेसही त्यात जायची होती. फेलिक्स रादवान्स्की नावाचे एक प्राध्यापक तेव्हा शहराच्या सिनेटमध्ये होते. त्यांनी विरोध केला. इतिहास, परंपरा हे सगळं ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून ते वाऱ्याच्या मुद्द्यावर आले. हा उत्तरेचा आडोसा गेला तर बोचरा वारा थेट चौकात घुसेल, लोकांना सर्दी, संधिवात आणि अंगावरून वारं जाण्याचे विकार जडतील, असं त्यांनी मांडलं. आणि ते पटलं. वेस, बार्बिकन आणि तटाचा हा लहानसा भाग राहिला.

मला हा माणूस फार आवडला. वारसा वगैरे शब्द तेव्हा कोणाच्या कानी लागत नव्हते, तर ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत त्यांनी तेच काम साधलं. कोल्हापुरालाही तट होता, वेशी होत्या. आज गंगावेस म्हटलं की दूध कट्टा डोळ्यांपुढं येतो, वेस नाही. बिंदू चौकात तटाचा तुकडा उरलाय, त्याच्याकडं मान वर करून बघणारे किती? आत्या तटावरच्या त्या सज्जात म्हणाली, "आपल्याकडं वाऱ्याचं कोणी बोललं नाही बघ." ती हे हळहळून म्हणाली आणि मलाही आत कुठंतरी लागलं.

तटाच्या आतल्या बाजूला, रस्त्यालगत, चित्रकार आपली चित्रं थेट भिंतीवर टांगून विकतात. पाऊस असूनही प्लास्टिकच्या आडोशाखाली दहा-बारा चित्रं होती. एका चित्रकार बाईंकडून आत्यानं बार्बिकनचं छोटं जलरंग घेतलं. भाव करायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यानं डोळे वटारले.

साडेअकराच्या सुमारास चौकात आलो. रिनेक ग्वुव्नी. नकाशात नुसता चौकोन दिसतो, पण पाय ठेवल्यावर छाती भरून येते. प्रत्येक बाजू दोनशे मीटरच्या आसपास. 1241 च्या मंगोल हल्ल्यात शहर उद्ध्वस्त झालं, आणि 1257 साली ते नव्यानं आखलं गेलं, तेव्हाचा हा आराखडा. चौकटीत बसवलेले सरळ रस्ते, प्रत्येक बाजूनं चौकात येणारे. दोन गोष्टी या आखणीत तिरक्या आहेत : मारियात्स्की चर्च, आणि वावेलकडं जाणारा ग्रोद्स्का रस्ता. दोन्हींच्या जागा आखणीच्या आधीपासूनच्या होत्या. नवी आखणी करणाऱ्यांनी जुन्याला धक्का लावला नाही, आपल्या रेषा त्याच्याभोवतीनं नेल्या. एकदा हे कळलं की चौकात उभं राहून दोन वेगवेगळ्या काळांची रेषा डोळ्यांनी वेगळी करता येते.

चर्चमध्ये पर्यटकांना दक्षिणेच्या दारानं प्रवेश. तिकीट समोरच्या छोट्या इमारतीत. बाराला दहा मिनिटं कमी असताना आत असायलाच हवं, कारण तेव्हा वेदीची दारं उघडतात. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारीच सोडतात, म्हणून हे शनिवारी उरकलेलं बरं. एक नन लांब काठी घेऊन आली आणि तिनं एकेक पान उघडलं. आतली सोनेरी लाकडी शिल्पं एकदम उजळून निघाली. न्यूरेंबर्गचा शिल्पकार वित स्त्वोश इथं आला आणि 1477 ते 1489 अशी बारा वर्षं या कामावर राहिला. मूर्ती तिकडच्या लिंडन झाडाच्या लाकडात. मधल्या दृश्यात मेरी प्राण सोडते आहे आणि भोवती प्रेषित. मूर्ती माणसापेक्षा मोठ्या. मी दूरच्या बाकावरून उठून दोरीपर्यंत गेले. मेरीला सावरणाऱ्या प्रेषिताच्या हातावर फुगलेल्या शिरा कोरल्या आहेत, नखांच्या कडा कोरल्या आहेत, कपाळावरच्या सुरकुत्या सारख्या नाहीत. राजेरजवाडे नाहीत, क्राकुफच्या बाजारातली माणसं वाटतात ती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी सुटी करून जर्मनीत नेली. युद्धानंतर ती न्यूरेंबर्गमध्ये सापडली आणि 1946 मध्ये परत आली.

बाहेर धावत आलो, कारण बारा वाजत होते. मनोऱ्याच्या वरच्या खिडकीतून तुतारी निघाली. हेयनाऊ. छोटी धून, दर तासाला, चार दिशांना चार वेळा, दिवसरात्र. प्रत्येक वेळी सूर मध्येच तुटतो. मंगोल चालून येत असल्याचा इशारा देणाऱ्या राखणदाराच्या गळ्यात बाण लागला आणि सूर तिथंच थांबला, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट लिखाणात दिसते ती विसाव्या शतकात, तेव्हा ती इतिहास म्हणून घेऊ नये. पण धून जुनी आहे, आणि दुपारी बाराची 1927 पासून पोलंडच्या रेडिओवर देशभर ऐकवली जाते. घरमालकीणबाई दुपारी स्वयंपाकघरात रेडिओ लावतात आणि तोच आवाज खिडकीतूनही येतो, हे आम्ही नंतर पाहिलं.

जेवायला बार म्लेच्नीत. कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या साध्या खानावळी, काउंटरवर पैसे द्यायचे, ताट आपण उचलायचं. चौकावरच्या हॉटेलांत बसायला छान, पण त्याच पैशांत इथं दोघांचं पोटभर होतं. शाकाहारी माणसानं पिएरोगी रुस्किए मागावेत. करंजीसारखाच आकार, पण उकडलेले, आत बटाटा आणि ताजं चीज, वरून परतलेला कांदा. "मांस नको" असं स्पष्ट सांगा, कारण कांद्यात कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. बरोबर फळांचं गोडसर कोम्पोत. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आत्याला स्वतःहून बडीशेप घातलेली काकडीची फोड दिली आणि ती आवडल्याचं पाहून अख्खी वाटीच सरकवली.

दुपारी पाऊस थांबला, तेव्हा मी मनोऱ्यावर चढले. आत्याचे गुडघे दुखतात, ती खाली कवी मित्सकिएविचच्या पुतळ्यापाशी फुलवाल्या बायकांजवळ बसली. पायऱ्या दोनशेहून जास्त, सुरुवातीच्या अरुंद आणि दगडी, वरच्या लाकडी. एका वेळी थोडेच लोक सोडतात, म्हणून तिकीट सकाळीच घेऊन ठेवावं. वर तुतारीवाल्यांची छोटी खोली. हे अग्निशमन दलाचे जवान असतात. जुन्या काळी मनोऱ्यावरचा राखणदार आगही बघायचा, ते नातं अजून टिकवलंय. तास भरला तसा एकानं पितळी तुतारी उचलली, एक खिडकी उघडली, वाजवली, बंद केली, पुढच्या खिडकीशी गेला. परंपरा अशी की एक दिशा वावेलच्या राजाला, एक चौकातल्या नगरप्रमुखाला, एक अग्निशमन दलाच्या प्रमुखाला, आणि उत्तरेची, फ्लोरियान वेशीच्या दिशेची, शहरात येणाऱ्या पाहुण्यांना. तिथून खाली बघितलं तर रस्ता सरळ वेशीपर्यंत जाताना दिसतो. वाजवून झाल्यावर त्यानं हात हलवला, खालून पन्नास हात हलले. आत्याचाही, गुलाबी छत्रीसकट.

"रात्रीसुद्धा?" मी विचारलं. "रात्री तीनलासुद्धा," तो म्हणाला. "तेव्हा कोणी हात हलवत नाही. पण वाजवायचं."

रविवार

ऊन पडलं. एका तरुण गाइडबरोबर पायी फेरी केली. अशा फेऱ्या वेशीपासून किंवा चर्चपाशी सुरू होतात, शेवटी आपल्याला वाटेल तेवढे पैसे द्यायचे. दोन-अडीच तास चालावं लागतं आणि सगळं दगडी फरसबंदीवर, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेतच.

हा मुलगा इतिहासाचा विद्यार्थी. त्यानं चौकातल्या जमिनीकडं बघायला शिकवलं. फरसबंदीत एक फलक आहे, 24 मार्च 1794 चा : सेनानी तादेऊश कोश्चुश्कोनं इथं उभं राहून देशासाठी लढायची शपथ घेतली. दुसरा फलक 1525 चा : प्रशियाचा ड्यूक अल्ब्रेख्ट यानं इथं पोलंडच्या राजापुढं गुडघे टेकले. बाजूला एकटाच उभा असलेला मनोरा ही जुन्या नगरभवनाची उरलेली खूण, बाकी इमारत 1820 मध्ये पाडली. मित्सकिएविचचा पुतळा नाझींनी 1940 मध्ये पाडला, 1955 मध्ये परत बसला. मधोमध सुकिएन्नित्से, कापडबाजाराची लांबलचक इमारत, जिच्या आत आता अंबर (राळेचे पिवळे-तपकिरी खडे), लाकडी डबे आणि मेंढीच्या कातड्याच्या चपला मिळतात. अंबर घ्यायचं तर इथं फक्त बघा, घाई करू नका.

फेरी संपल्यावर त्यानं विचारलं, कुठून आलात? आत्या म्हणाली, कोल्हापूर, महाराष्ट्र. त्याला नाव माहीत नव्हतं. पण "भारत" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "दोब्री महाराजा!" चांगला महाराजा, म्हणजे गुजरातेतल्या नवानगरचे जामसाहेब, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात पोलिश मुलांना तिथल्या बालाचडीत आसरा दिला. शाळेत शिकवतात म्हणे. आत्यानं मान डोलावली आणि खुर्ची ओढून बसली. हे शहर निवडण्यामागचं हेच ते कारण.

तिनं त्याला वळिवडे सांगितलं. कोल्हापूरजवळचं गाव. सोव्हिएत सत्तेनं घराघरांतून उचलून सायबेरियाकडं पाठवलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली, आणि 1943 ते 1948 या काळात त्यांतले जवळपास पाच हजार लोक वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले, आज त्याला गांधीनगर म्हणतात, आणि आख्खं कोल्हापूर तिथं कपडे घ्यायला जातं. आत्याच्या आईनं लहानपणी त्या बायकांना बाजारात पाहिलं होतं, फुलाफुलांचे झगे घातलेल्या, मोडक्या मराठीत भाव करणाऱ्या. महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून स्तंभ आहे.

मुलगा वहीत लिहून घेत होता. मध्येच त्यानं विचारलं, "तुमच्या आईला भीती नाही वाटली? एवढे परके लोक?" आत्या म्हणाली, "तिला एवढंच आठवायचं की त्या बायका रविवारी रडायच्या आणि सोमवारी बाजाराला यायच्या." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्हाला कॉफी प्यायला घेऊन गेला, आणि फेरीचे पैसे घेईना. आत्यानं ते त्याच्या वहीत घालून ठेवले.

पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. पाणी, फळं, औषधं शनिवारीच घेऊन ठेवा. हॉटेलं आणि संग्रहालयं मात्र चालू.

दुपारी चौकाच्या खालचं संग्रहालय पाहिलं. 2010 मध्ये उघडलं. आजच्या फरसबंदीच्या चार-पाच मीटर खाली उत्खननात जुन्या बाजाराचे रस्ते, दुकानांच्या भिंती, वजनं, हाडं सापडली, ती जागच्या जागी दाखवली आहेत. शिशाचा सातशे किलोच्या आसपासचा एक भलाथोरला गोळा आहे, तो बघून हा चौक किती मोठा बाजार होता ते कळतं. वेळ ठरवून तिकीट मिळतं, आणि ते आधीच घ्यायला हवं.

संध्याकाळी काझिमिएशला, जुन्या ज्यू वस्तीत. प्लात्स नोवीवरच्या गोल इमारतीतल्या खिडक्यांतून झापिएकान्का घेतला, हातभर लांब पाव, मशरूम आणि वितळलेलं चीज. रांग मोठी, पण हलते भराभर. त्या वस्तीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, इथं थांबते.

सोमवार

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, त्यामुळं आम्ही प्लांतीची पूर्ण फेरी मारली. चार किलोमीटर, सावलीतून, बाकांवर बसत. जिथं तट होता तिथं चालायचं, आणि जिथं वेशी होत्या तिथं रस्ते ओलांडायचे. मॅरेथॉन नाही करायची, आत्यासारखं दर तिसऱ्या बाकावर बसायचं.

शेवटी पुन्हा वेशीच्या जवळ आलो तेव्हा डाव्या हाताला स्वोवात्स्की नाट्यगृह लागलं. नक्षीदार, देखणं, 1893 मध्ये उघडलेलं. त्याच्या जागी आधी मध्ययुगीन इस्पितळाच्या इमारती होत्या. त्या पाडू नयेत म्हणून मातेइको, देशातला सर्वांत मोठा चित्रकार, शहराशी भांडला. कोणी ऐकलं नाही. तेव्हा त्यानं क्राकुफचं सन्माननीय नागरिकत्व परत केलं. त्याचं घर इथून हाकेच्या अंतरावर, फ्लोरियान्स्का रस्त्यावर 41 क्रमांकाचं, आता संग्रहालय आहे. तो तिथंच जन्मला आणि नाट्यगृह उघडलं त्याच वर्षी वारला. रादवान्स्कींना वेस वाचवता आली, मातेइकोला इस्पितळ नाही वाचवता आलं. नाट्यगृह सुंदर आहे, यात वाद नाही. आत्या त्याच्याकडं बघून म्हणाली, "सुंदर आहे म्हणून काय झालं? दुसरीकडं नसतं का बांधता आलं?" मला तिचंच पटतं.

दुपारच्या गाडीनं वॉर्सा. रात्रीच्या विमानाला वेळ होता. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या माँटे कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळचा वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक शोधून काढला. आत्या तो वाचत असताना कुत्रं घेऊन फिरायला आलेलं एक तरुण जोडपं थांबलं आणि विचारू लागलं की हे कोल्हापूर नक्की कुठं आहे. आत्यानं मला मोबाइलवर नकाशा काढायला सांगितलं आणि पंचगंगेपासून सुरुवात केली.